लोकांचें गाणें आणि राज्यकर्त्यांचा कान

जुन्या रेडिओच्या पेटीला दोन मुख्य बटणें असत. एक आवाज लहानमोठा करण्याचें आणि दुसरें केंद्र बदलण्याचें. पहिलें बटण बहुधा घरांतील वडील मंडळींच्या ताब्यांत असे. दुसऱ्यावर मुलांचा डोळा असे. १९५२ नंतरच्या पांचसात वर्षांत बुधवारीं रात्रींचे आठ वाजावयास आले कीं असंख्य घरांतून हें दुसरें बटण फिरूं लागे. तबकडीवरचा कांटा मुंबई सोडी, दिल्ली सोडी, आणि लघुलहरींच्या खरखराटांतून वाट काढीत कोलंबोवर येऊन थांबे. मुंबईंत तयार झालेलीं गाणीं ऐकण्यासाठीं मुंबईच्या माणसाला समुद्रापलीकडच्या बेटाचा आश्रय करावा लागत होता. बटणाच्या या लहानशा फिरण्यांत आपल्या देशांतील संगीताच्या इतिहासांतला एक मोठा वाद सांठविलेला आहे. लोकांनीं कोणतें गाणें ऐकावें हें ठरवावयाचें कोणीं? गाणाऱ्यानें, विकणाऱ्यानें, राज्य करणाऱ्यानें, कीं ऐकणाऱ्यानें?

हा प्रश्न रेडिओनें प्रथम निर्माण केला असें नव्हे. गाणें जोंवर गाणाऱ्याच्या गळ्यांतच राहत होतें तोंवर त्याचा धनी कोण, याविषयीं शंका नव्हती. दरबारांत राजा, देवळांत देव आणि माडीवर पैसा मोजणारा रसिक. ही व्यवस्था १९०२ सालीं प्रथम ढिली झाली. त्या वर्षीं लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गेसबर्ग हा ध्वनिमुद्रणाचें सामान घेऊन कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबर महिन्यांत एका हॉटेलांतील खोलींत त्यानें गौहरजान या नामांकित गायिकेचा आवाज तबकडीवर उतरवून घेतला. तबकडीवर तीन मिनिटांहून फारसें अधिक कांहीं मावत नसे. घटकान् घटका रंगणारी चीज तेवढ्या अवकाशांत बसविणें हें सोपें काम नव्हतें. पण त्या चतुर बाईनें तें साधलें, आणि गाणें संपतां संपतां इंग्रजींत आपलें नांवहि पुकारलें. तबकड्या जर्मनींतील कारखान्यांत घडावयाच्या होत्या. तेथील कारागिरांना गाणारी कोण हें कळावें, एवढाच त्या पुकाऱ्याचा हेतु होता. परंतु त्याचा परिणाम मात्र हेतूहून फार मोठा झाला. जीं घरें तिच्या माडीची पायरी कधींहि चढलीं नसतीं, त्या घरांच्या दिवाणखान्यांत जाऊन तिनें आपली ओळख करून दिली.

१९०८ सालीं कलकत्त्यांत तबकड्यांचा कारखाना सुरू झाला आणि गाणें ही दुकानांत मिळणारी वस्तु झाली. महाराष्ट्रांत नाट्यपदांच्या तबकड्या घरोघर वाजूं लागल्या; ज्यांनीं बालगंधर्वांना रंगभूमीवर कधीं पाहिलें नव्हतें त्यांनाहि त्यांची पदें पाठ झालीं. पुढें १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला आणि पुढल्याच वर्षीं प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलूं लागला. बोलपट बोलावयास लागला तो गातगातच. राजाश्रय सुटत चाललेल्या संगीताला बाजाराचा आश्रय मिळाला. तो आश्रय उदार होता, पण त्याची एक अट होती: जें खपेल तें टिकेल.

अशा वेळीं रेडिओ आला. २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबई केंद्राचें उद्घाटन झालें आणि पुढल्या महिन्यांत कलकत्त्याचें केंद्र सुरू झालें. हीं केंद्रें सरकारचीं नव्हतीं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीचीं होतीं. परवान्याची वार्षिक फी दहा रुपये, आणि ती भरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी कंपनीचा खर्च भागविण्याइतके खास नव्हते. तीन वर्षांच्या आंत कंपनी बुडाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारनें तो कारभार आपल्या हातीं घेतला. १९३१ सालीं तोहि आतबट्ट्याचा म्हणून बंद करण्याचा घाट घातला गेला होता. पण ओरड झाली आणि तें संकट टळलें. १९३५ सालीं बी.बी.सी.मधून लायोनेल फील्डन हे अधिकारी आले आणि १९३६ च्या जूनमध्यें या संस्थेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. या घडामोडींतील मर्माची गोष्ट एवढीच कीं, ज्या नव्या साधनाला भिंती नव्हत्या आणि दारें नव्हतीं, त्याला धनी मात्र एकच राहिला. तबकडी न आवडली तर दुसऱ्या कंपनीची घेतां येत असे. रेडिओची दुसरी कंपनीच नव्हती.

धनी एक झाला म्हणजे त्याची आवडनावड हा सार्वजनिक प्रश्न होतो. त्याचा पहिला अनुभव १ मार्च १९४० रोजीं आला. त्या दिवसापासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. या पेटीचा जन्म युरोपांतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती हिंदुस्थानांत रुळली, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं तिला मांडी घालून बसणाऱ्या गवयाच्या सोयीचें रूप दिलें, आणि पाहतां पाहतां कीर्तन, भजन, नाटक, मैफल सर्वत्र तिचा संचार झाला. तिच्यावरचे आक्षेप पोकळ नव्हते. तिचे स्वर कारखान्यांत कायमचे बसविलेले. सप्तकाचे बारा समान भाग करून ते ठरविलेले. आपल्या रागांतील एखादा कोमल स्वर ज्या सूक्ष्म जागीं लागावयास हवा ती जागा तिच्यावर नसते, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तर तिला मुळींच साधत नाहीं. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचें काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्ज यांनीं या वाद्यावर कडक टीका केली होती. रवींद्रनाथ ठाकुरांनींहि १९४० च्या आरंभीं कलकत्ता केंद्राच्या संचालकांना पत्र लिहून हार्मोनियम हद्दपार करण्याच्या विचाराला पाठिंबा दिला. एक इंग्रज संगीतकार आणि बंगालचा कविश्रेष्ठ या एका मुद्द्यावर एकमत झाले, हा योग विलक्षणच म्हणावयाचा.

महाराष्ट्राला या बंदीची झळ अधिक लागणें स्वाभाविक होतें. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनीं ज्या पेटीला स्वतंत्र मैफलीचा मान मिळवून दिला होता, आणि जिच्या सुरावर मराठी नाट्यसंगीताची एक सबंध पिढी वाढली होती, ती पेटी सरकारी दारावर अडविली गेली. बंदी नुसती चारदोन वर्षें टिकली नाहीं. साथीपुरती ती सैल व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. आणि या तीस वर्षांत झालें काय? देवळांतील भजन पेटीवरच चाललें, शाळेंतील प्रार्थना पेटीवरच झाली, नाटकाचा पडदा पेटीच्याच सुरावर उघडला. रेडिओवर सारंगीला काम मिळालें, ही जमेची बाजू खरी. परंतु ज्या कानांना सुधारावयासाठीं हा नियम झाला ते कान रेडिओ बंद होतांच पुन्हां पेटीकडे वळले. नियमाला आक्षेप सिद्ध करतां आला, आवड मात्र बदलतां आली नाहीं.

दुसरा अनुभव याहून कठोर होता. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आलें त्या सुमारास, १९४६ च्या आसपास, ज्यांचें खाजगी जीवन लोकनिंदेचा विषय झालें आहे अशा गायिकांना रेडिओवर स्थान देऊं नये असा दंडक निघाला. या शब्दांचा रोख कोणावर होता हें सांगावयास नको. ज्या वर्गांतील स्त्रियांनीं ठुमरी, दादरा, गझल हा ठेवा पिढ्यान् पिढ्या जतन केला, ज्यांच्यापैकीं एकीनें १९०२ सालीं या देशाच्या गाण्याला तबकडीवर पहिलें मानाचें स्थान मिळवून दिलें, त्यांनाच आतां मागील दारहि बंद झालें. कांहीं जणींनीं विवाह करून घराण्याचें नांव लावलें, कांहींचें गाणें त्यांच्याबरोबरच संपलें. येथें प्रश्न सुरांच्या शुद्धतेचा राहिला नव्हता. गाणाऱ्याच्या चारित्र्याचा दाखला मागितला जात होता. गाण्याची निवड एकाच हातीं राहिली म्हणजे ती गाण्यापाशीं थांबत नाहीं, हें त्या दंडकानें दाखवून दिलें.

या पार्श्वभूमीवर १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. केसकर मूळचे पुण्याचे. काशी विद्यापीठांत शिकलेले, पॅरिसची डॉक्टरेट मिळविलेले, संगीताविषयीं मनापासून आस्था असलेले विद्वान् गृहस्थ. त्यांच्याविषयीं बोलतांना टिंगलीचा सूर लावण्याची पुढें रूढीच पडली. पण त्यांची भूमिका समजून घेतल्याशिवाय न्याय होणार नाहीं. संस्थानें नुकतींच विलीन झालीं होतीं. बडोदें, ग्वाल्हेर, म्हैसूर, इंदूर येथील दरबारीं आश्रय मिळालेले गवई-वादक उघड्यावर पडण्याची वेळ आली होती. त्यांना नवा राजा हवा होता आणि तो रेडिओच होऊं शकत होता. केसकरांनीं हें कार्य निष्ठेनें केलें. २० जुलै १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दक्षिणेचा विद्वान् उत्तरेंत, उत्तरेचा उस्ताद दक्षिणेंत घरबसल्या ऐकूं येऊं लागला. त्याच वर्षीं दिल्लीस रविशंकरांच्या नेतृत्वाखालीं वाद्यवृंद उभा राहिला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलनें भरूं लागलीं. शेंकडों कलावंतांच्या चुलीवर रेडिओच्या मानधनानें भात शिजला, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

पण केसकरांच्या मनांत दुसरेंहि एक कार्य होतें. बोलपटांतील गाण्यांनीं लोकांची अभिरुचि बिघडत चालली आहे, त्यांत पाश्चात्त्य ठेक्यांची उसनवारी फार झाली आहे आणि शब्द तर कित्येकदां कुटुंबांत ऐकवत नाहींत, असें त्यांचें मत होतें. मत बाळगण्याचा अधिकार प्रत्येकालाच असतो. केसकरांच्या हातीं देशांतील सर्व केंद्रें होतीं एवढाच फरक. चित्रपटगीतांचा कार्यक्रमांतील वांटा कापण्यांत आला, उरलेल्या गाण्यांची छाननी होऊं लागली, आणि गाणें लावतांना चित्रपटाचें नांव सांगणें ही जाहिरात होय म्हणून तें नांव गाळण्यांत आलें. चित्रपट-निर्माते व्यापारी, नांवाशिवाय गाणें फुकट देणें त्यांना परवडणारें नव्हतें. त्यांनीं आपल्या गाण्यांच्या वापराची संमति काढून घेतली. थोड्याच महिन्यांत सरकारी केंद्रांवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहींसें झालें. त्याची जागा घेण्यासाठीं केंद्रोकेंद्रीं सुगम संगीताचे विभाग निघाले, कवींकडून गीतें लिहवून घेण्यांत आलीं, त्यांना चाली लावण्यांत आल्या. योजना नेटकी होती. तिच्यांत एकच त्रुटि राहिली होती. पेटीवरचें दुसरें बटण काढून टाकण्याचा अधिकार कोणत्याहि मंत्र्याला नव्हता.

तें बटण जेथें जाऊन थांबलें त्या केंद्राची कथा मोठी चमत्कारिक आहे. दुसऱ्या महायुद्धांत लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशियांतील सैन्याचें ठाणें सिंहलद्वीपांत होतें. दूरदूरच्या छावण्यांतील शिपायांना बातम्या आणि करमणूक पोंचावी म्हणून तेथें शंभर किलोवॅट शक्तीचा लघुलहरींचा प्रक्षेपक उभारण्यांत आला. लघुलहरींची मौज अशी कीं, त्या आकाशाच्या वरच्या थरावर आपटून पुन्हां खालीं येतात आणि शेंकडों कोसांवर उतरतात. सरहद्दीचा दगड त्यांना दिसत नाहीं. युद्ध संपलें, शिपाई घरीं गेले, आणि हें बलाढ्य यंत्र लहानशा सिलोन रेडिओच्या पदरीं पडलें. ३० सप्टेंबर १९५० रोजीं सिलोन रेडिओनें आपला व्यापारी विभाग सुरू केला. सैनिकांसाठीं उभारलेलें यंत्र आतां साबण आणि दंतमंजन विकूं लागलें, आणि त्याच्या समोर हिंदी समजणारा अफाट श्रोतृवर्ग हात जोडून उभा होता. दिल्लीच्या धोरणानें तो वर्ग आपण होऊन कोलंबोच्या स्वाधीन केला.

३ डिसेंबर १९५२ रोजीं सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम एका टूथपेस्टच्या जाहिरातीसाठीं काढलेला. त्यांत सात गाणीं उलटसुलट क्रमानें वाजवावयाचीं आणि श्रोत्यांनीं तीं योग्य क्रमानें लावून पाठवावयाचीं, अशी स्पर्धा होती. बक्षीस शंभर रुपये. निवेदक, लेखक आणि पत्रें फोडणारा कारकून असें तिहेरी काम ज्याच्या गळ्यांत पडलें तो अमीन सयानी हा तरुण त्या वेळीं वीस वर्षांचाहि पुरता झाला नव्हता. या सर्व उलाढालीबद्दल त्याला आठवड्याला पंचवीस रुपये मिळत. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रें आलीं. पुढें हा आंकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, आणि पत्रें मोजणें व तपासणें अशक्य झाल्यामुळें १९५४ सालीं स्पर्धा बंद करून लोकप्रियतेच्या क्रमानें गाणीं लावण्याची पद्धत सुरू झाली. तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पत्रें यांवरून क्रम ठरे. त्या क्रमाच्या पायऱ्यांना सयानी ‘पायदान’ म्हणत. कोणतें गाणें वर चढलें, कोणतें घसरलें, यावर चाळींच्या गॅलरींतून आणि कॉलेजच्या कट्ट्यांवर पैजा लागत.

सयानींच्या यशाचें एक कारण त्यांच्या भाषेंत होतें, आणि त्या भाषेचें मूळ त्यांच्या घरांत होतें. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या प्रेरणेनें त्या नवसाक्षरांसाठीं ‘रहबर’ नांवाचें पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढीत. तें काढतांना साधी, सर्वांना समजेल अशी हिंदुस्थानी लिहावयाची शिस्त मुलाला लागली. सरकारी केंद्रांवर संस्कृतप्रचुर हिंदीचे प्रयोग चालले असतांना हा तरुण शेजाऱ्याशीं बोलावें तसें बोलत होता. बहिणींना आधीं आणि भावांना नंतर हांक मारण्याची त्याची पद्धत तर घरोघर ओळखीची झाली.

आतां या व्यवस्थेंतील विनोद पाहण्यासारखा आहे. गाणीं मुंबईच्या स्टुडिओंत तयार होत. त्यांचें निवेदनहि मुंबईंतच ध्वनिमुद्रित होई. तें मुद्रण विमानानें कोलंबोस जाई, कोलंबोहून आकाशांत उडे आणि मुंबईच्या घराघरांत येऊन उतरे. जाहिरातीचा पैसा हिंदुस्थानचा, गाणारे हिंदुस्थानचे, ऐकणारे हिंदुस्थानचे. मधल्यामध्यें आकाश तेवढें परक्याचें. त्या वेळच्या बिहारांतील झुमरी तलैया या अभ्रकाच्या खाणींच्या गांवाचें नांव देशाला कळलें तें तेथून येणाऱ्या गाण्यांच्या फर्माइशींमुळें. पानावाल्याच्या दुकानांतील रेडिओ कोलंबोचा झाला, इराण्याच्या हॉटेलांतला झाला, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतील उत्तम ख्याल मोजके रसिक ऐकत राहिले.

एवढ्यावरून लोकांना हलकेंच हवें असतें, असा निष्कर्ष काढणें सोपें आहे. आणि तो खोटा आहे. त्याचा पुरावा पुण्यानें दिला. आकाशवाणीचें पुणें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. तेथील कार्यक्रम-अधिकारी सीताकांत लाड यांनीं आपले स्नेही कवि ग. दि. माडगूळकर यांच्यापाशीं वर्षभर चालेल अशा एखाद्या मालिकेची गोष्ट काढली, आणि त्यांतून ‘गीतरामायण’ जन्माला आलें. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या शुक्रवारीं सकाळीं, पहिलें गीत प्रक्षेपित झालें. दर शुक्रवारीं नवें गीत आणि शनिवार-रविवारीं त्याचीच पुनरावृत्ति. मूळचा संकल्प बावन्न गीतांचा होता. पण त्या वर्षीं अधिक मास आला आणि गीतें छप्पन्न झालीं. आठवड्याला एक गीत लिहावयाचें, सुधीर फडके यांनीं त्याला चाल लावावयाची, वाद्यमेळ बसवावयाचा आणि शुक्रवार उजाडण्यापूर्वीं तें तयार ठेवावयाचें, हा क्रम वर्षभर अखंड चालला. फडक्यांच्या स्वतःच्या आवाजाबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, लता मंगेशकर अशा गायक-गायिकांचे आवाज त्यांत आले. कित्येक घरांतून रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून मंडळी ऐकावयास बसत. त्या वेळापुरतें कोणाचेंहि बोट दुसऱ्या बटणाकडे गेलें नाहीं.

गीतरामायण हें केसकरांच्या धोरणाचें यश म्हणावें काय? एका अर्थानें होय. सरकारी केंद्र नसतें तर छप्पन्न आठवडे चालणारा, जाहिरात नसलेला, रागदारीवर उभारलेला असा उपक्रम कोणत्या व्यापाऱ्यानें पदरीं घेतला असता? पण दुसऱ्या अर्थानें तेंच या धोरणाला मिळालेलें सौम्य उत्तर होतें. माडगूळकर कोण होते? बोलपटांच्या कथा आणि गीतें लिहिणारे. फडके कोण होते? बोलपटांचे संगीत-दिग्दर्शक. लताबाईंविषयीं तर बोलावयासच नको. ज्या कारखान्यांतून अभिरुचि बिघडविणारा माल निघतो असें दिल्लीस वाटत होतें, त्याच कारखान्यांतल्या कारागिरांनीं रेडिओला त्याच्या इतिहासांतील एक अमोल लेणें घडवून दिलें. दोष माणसांत नव्हता आणि सोप्या चालीच्या गाण्यांतहि नव्हता. त्या कारागिरांना कोणीं तरी विश्वासानें बोलावून चांगलें काम सांगावयास हवें होतें. पुण्याच्या एका अधिकाऱ्यानें तें केलें.

अखेर दिल्लीलाहि वस्तुस्थिति मान्य करावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीची ‘विविध भारती’ सुरू झाली. सिलोनकडे गेलेला श्रोता परत आणावा हा तिचा उघड उद्देश होता, आणि चित्रपटगीत हें तिचें मुख्य भांडवल. तिची धुरा वाहिली कवि नरेंद्र शर्मा यांनीं. उद्घाटनाचें गीत त्यांनींच लिहिलें, चाल लावली अनिल विश्वास यांनीं आणि गायिलें मन्ना डे यांनीं. तिघांचाहि बोलपटसृष्टीशीं निकटचा संबंध. त्या दिवशीं विजयादशमी होती. योगायोग असा कीं, गीतरामायणाचें पुस्तक भारत सरकारच्या प्रकाशन विभागानें प्रसिद्ध केलें तेंहि याच विजयादशमीस. पांच वर्षें एकमेकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या दोन धारा एकाच दिवशीं सरकारी दारांतून आंत आल्या. पुढें १ नोव्हेंबर १९६७ रोजीं मुंबई, पुणें आणि नागपूर येथें विविध भारतीवर जाहिरातीहि सुरू झाल्या, आणि खुद्द गीतमालाच १९८९ सालीं कोलंबो सोडून विविध भारतीवर आली. १९९४ सालीं ती संपली. २० फेब्रुवारी २०२४ रोजीं अमीन सयानी निवर्तले.

या वादांत कोण जिंकला, हें विचारणाऱ्याला ‘श्रोता’ असें उत्तर देण्याचा मोह होतो. परंतु गीतमालेच्या पायऱ्यांकडे जरा निरखून पाहिलें तर त्या उत्तराची घाई होत नाहीं. खपावर ठरणाऱ्या त्या क्रमांत धृपदाला पायरी नव्हती, जात्यावरच्या ओवीला नव्हती, ठुमरीला क्वचितच होती. केवळ बाजारावर सोंपविलें असतें तर राष्ट्रीय कार्यक्रमांतून जपल्या गेलेल्या कित्येक थोर गवयांचा आवाज आज कोठेंहि सांपडला नसता. केसकरांची भीति निराधार नव्हती. तिच्यावरचा उपाय तेवढा चुकला. पंक्तींत ज्याला गोडाची संवय नाहीं त्याच्या पानांत गोड वाढावें. शेजारच्याच्या पानांतलें तिखट उचलून नेल्यानें त्याला गोडाची चव कळत नाहीं, तो नुसता उठून दुसऱ्या पंक्तीला जाऊन बसतो. हार्मोनियम अडविली तेव्हां हेंच झालें, बोलपटांचें गाणें अडविलें तेव्हां हेंच झालें. गीतरामायण वाढलें तेव्हां मात्र कोणीहि उठलें नाहीं.

आज गाणें ऐकण्याचीं साधनें बदललीं आहेत. खिशांतील यंत्र माणसाची आवड टिपून ठेवतें आणि काल जें ऐकलें त्याच्यासारखेंच आज पुढें करतें. मंत्र्याचा कान गेला, व्यापाऱ्याचें पायदान गेलें, आणि निवडीचें काम एका अदृश्य कारकुनाकडे आलें. तो कांहींच अडवीत नाहीं, म्हणून त्याच्यावर कोणी रागावत नाहीं. पण रामनवमीच्या त्या सकाळीं पुण्याच्या श्रोत्यांना जें मिळालें तें त्यांनीं मागितलेलें नव्हतें. त्यांच्यापाशीं पूर्वीं तसें कांहीं नव्हतेंच. कोणीं तरी तें त्यांच्यासाठीं योजलें, आणि ऐकल्यावर त्यांना कळलें कीं आपल्याला हेंच हवें होतें. जुन्या पेटीवरचें दुसरें बटण ज्यांनीं एके काळीं हट्टानें फिरविलें, त्यांच्या नातवंडांनीं आपल्या खिशांतल्या यंत्रावर तें कोठें आहे हें एकदां शोधून पाहावें. फिरविण्याचा अधिकार अजून त्यांच्याच बोटांत आहे.